घाटाच्या कडेवरचे आंबे

बीड जिल्ह्यात एकच नाव उलटसुलट करून ठेवलेली दोन गावे आहेत. अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर आणि केज तालुक्यातले नांदूरघाट. नांदूर हे ग्रामनाम महाराष्ट्रात इतके सर्रास आढळते की नुसत्या नावाने गाव ओळखता येत नाही, आणि म्हणून कोणी ‘मधमेश्वर’, कोणी ‘शिंगोटे’, तर कोणी ‘घाट’ अशी खूण त्या नावाला जोडून घेतली आहे. बीडमधल्या या दोन गावांच्या बाबतीत खूण म्हणून घाटच निवडला गेला, कारण या मुलखात माणसाची ओळख पूर्वापार त्यावरूनच सांगितली जाते. माणूस एक तर घाटावरचा असतो, नाही तर गंगथडीचा, म्हणजे गोदावरीकाठच्या काळ्या सपाटीचा. येथे ‘घाट’ या शब्दाचा अर्थ कोकणात उतरणाऱ्या खिंडीसारखी चढणीची वाट असा नसून, चढून गेल्यावर लागणारे उंच पठार आणि त्याची तुटलेली कडा असा आहे. ‘बाला’ म्हणजे वरचा, या फारसी शब्दावरून त्या पठाराला बालाघाट म्हणतात.

बालाघाटाची ही रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरत जाते आणि पाणी दोन बाजूंना वाटून देते. उत्तरेकडचे ओढे वाणेसारख्या नद्यांमधून गोदावरीकडे जातात, तर दक्षिणेकडचे पाणी रेणेमार्गे मांजरेला मिळते. मांजरा पाटोदा तालुक्यात गवखडीजवळ उगम पावते आणि ७०० किलोमीटरांहून अधिक वळसा घालून शेवटी गोदावरीलाच मिळते, त्यामुळे ही वाटणी अखेर एकाच घरातली ठरते. पण जमिनीचा कस, पिके आणि रस्ते यांच्या दृष्टीने दोन्ही बाजूंत पुष्कळ अंतर आहे. माथ्यावरची जमीन मुरमाड, उथळ आणि बरड आहे, उत्तरेला खाली गोदाकाठी खोल काळी माती आहे, आणि माथ्याच्या कडेला जिथे दऱ्या आत घुसल्या आहेत तिथे बेसॉल्ट खडकाच्या थरांमधून झरे पाझरतात. जुन्या वस्त्या नेमक्या या कडेवर बसल्या. पाणी दरीत, गवत माथ्यावर आणि धान्य पायथ्याशी, अशी ती सोय होती. जो कडेवर बसेल त्याला खालून येणारी फौज दिवसभर आधी दिसे, हा त्या जागेचा आणखी एक गुण होता आणि पुढच्या सातआठशे वर्षांत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला.

अंबाजोगाई हे या कडेवरचे मुख्य ठाणे असून घाटनांदूर त्याच्या पूर्वेला सुमारे २० किलोमीटरांवर, रांगेच्या उतरत्या खांद्यावर आहे. या दोघांचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही, कारण घाटनांदूरच्या आजच्या बाजारपेठेला आणि स्थानकाला जो अर्थ आहे तो अंबाजोगाई कुठे आहे यावरून आलेला आहे.

अंबाजोगाईची जुनी नावे अनेक आहेत. गावातून वाहणाऱ्या जयंती नदीवरून जयंतीनगर, आम्रवृक्षांवरून आम्रपूर, आणि बोलीत नुसते आंबे किंवा जोगाईचे आंबे. ‘जोगाई’ हे योगेश्वरीचे, म्हणजे जोगेश्वरीचे, लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेले रूप होय. गावाचा लिखित इतिहास देवगिरीच्या यादवांच्या काळात स्पष्ट होतो. यादव राजा दुसरा सिंघण तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करीत होता आणि त्याचा सर्वांत कर्तबगार सेनापती खोलेश्वर याचा तळ आंब्याला होता. खोलेश्वर हा मुद्गल गोत्राचा ब्राह्मण. त्याने उत्तरेकडच्या आणि गुजरातच्या मोहिमा चालवल्या, विदर्भात अग्रहार वसवले, आणि अमरावती जिल्ह्यातले खोलापूर आजही त्याचे नाव धारण करून आहे. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांना करमुक्त दान दिलेली वस्ती. अशी वस्ती धर्मकार्य म्हणून वसवली जात असली तरी नव्या जिंकलेल्या मुलखात लिहिती-वाचती, राजाशी बांधलेली माणसे बसवण्याचा तो राजकीय मार्गही होता, हे नजरेआड करता येत नाही.

खोलेश्वराच्या काळातील मुख्य अवशेष सकलेश्वराचे मंदिर हा असून लोक त्याला बाराखांबी म्हणतात, कारण शिखर आणि गाभाऱ्याचा बराचसा भाग नाहीसा होऊन मंडपाचे खांब तेवढे नजरेत भरतात. या मंदिराशी निगडित संस्कृत शिलालेख शके ११५० चा आहे. शक संवताच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, म्हणजे हा लेख १२२८ सालचा. त्यानंतर १२ वर्षांनी, शके ११६२ मध्ये, कोरलेला दुसरा लेख अधिक बोलका आहे. त्यात खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या सैन्याशी लढताना नर्मदेच्या काठी मारला गेल्याची हकीकत येते, आणि त्याच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिने येथे देऊळ उभारल्याचे कळते. सीमेवर पडलेल्या सेनानीच्या नावाने त्याच्या बहिणीने बांधलेले देऊळ आणि त्या बहिणीचे नाव दगडात टिकून राहणे, ही गोष्ट यादवकालीन लेखांत विरळा आहे. यादवांच्या लेखांत राजांची बिरुदे पानेच्या पाने येतात; घरातला मृत्यू असा क्वचितच येतो.

या देवळांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती येथे विशेष गैरसोयीची ठरते. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या नंतरच्या यादव राजांचा मंत्री. खोलेश्वराचे देऊळ उभे राहिले तेव्हा तो कारभारात आलेलाही नव्हता. चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून केलेले बांधकाम असा या शब्दाचा अर्थ आता रूढ झाला आहे, तेवढ्याच अर्थाने तो वापरावा. त्यावरून काळ ठरवू जाऊ नये. गावाबाहेरचा हत्तीखाना तर याहूनही जुना, यादवांची सत्ता येथे स्थिरावण्यापूर्वीचा आहे. लोक ज्याला हत्तीखाना किंवा शिवलेणी म्हणतात ते वस्तुतः खडकात खोदलेले शैव लेणे आहे. खडक वरून खाली खोदत जाऊन आधी मोकळे अंगण केलेले, अंगणात नंदीचा मंडप आणि दगडी हत्ती ठेवलेले, आणि एका बाजूला ३२ खांबांवर तोललेला भव्य मंडप कोरलेला, अशी त्याची रचना आहे. वेरूळच्या कारागिरीचा काळ मागे पडून बांधीव देवळांचा जमाना सुरू झाला असतानाही बालाघाटावर कोणीतरी डोंगर खोदण्याचा खर्चिक मार्ग पत्करला, हे या लेण्याचे वेगळेपण आहे.

हत्तीखान्याच्या हत्तींची लोकांनी लावलेली संगती वेगळीच आहे. योगेश्वरी ही कोकणची. तिचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड घाटावर आले आणि आंब्यापाशी मुहूर्त टळला. देवी रुसून तिथेच राहिली आणि वऱ्हाडाचे हत्तीघोडे दगडाचे झाले, तेच हत्तीखान्यातले हत्ती. कोकणस्थ ब्राह्मणांची कुलदेवता समुद्रापासून इतक्या लांब, मराठवाड्याच्या डोंगरावर कशी, या खऱ्या कोड्याला दंतकथेने दिलेले हे उत्तर आहे. त्यात भूगोलही अचूक आहे, कारण पश्चिमेकडून येणाऱ्याला परळीला जाण्यासाठी या माथ्यावरून जाऊन मग घाट उतरावा लागतो, आणि वाट अडली तर ती याच कडेवर अडणार. मार्गशीर्षात येथे देवीचा मोठा उत्सव होतो आणि त्या वेळी कोकणातून, पुण्याहून येणारी कुटुंबे आजही गावात उतरतात.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अंबाजोगाईचे नाव वादाच्या रूपाने येते. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानला जातो आणि त्या हिशेबाने तो मराठीतला आद्य ग्रंथ ठरतो. गावाबाहेर बालाघाटाच्या दरीत मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते, पलीकडे बुट्टेनाथाचे स्थान आहे, आणि पावसाळ्यात ती सारी दरी वाहत्या पाण्याने भरून जाते. मात्र मुकुंदराजांचे आंबे म्हणजे वैनगंगेकाठचे आंभोरे असा दुसरा पक्ष विदर्भात ठामपणे मांडला जातो, आणि ग्रंथाच्या काळाबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही पक्षांची गावे जुन्या सीमांवरची आहेत हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. राजधानीत संस्कृताला आश्रय होता, तर कडेच्या गावी शिष्यांना बोलीत ब्रह्मविद्या सांगण्याची मुभा जास्त होती, असे मानण्यास जागा आहे.

दासोपंतांबद्दल मात्र असा वाद नाही. त्यांचा जन्म १५५१ मध्ये बिदरकडील नारायणपेठेचा, वडील देशपांडे, आणि वसुलाच्या बाकीपायी बिदरच्या दरबारात लहान मुलाला ओलीस ठेवल्याची, मग दत्तात्रेयाने पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या सेवकाच्या, वेशात येऊन रक्कम भरल्याची कथा त्यांच्या चरित्रात येते. कथेतला चमत्कार सोडला तरी तिच्यातली परिस्थिती खरी आहे. बहमनी राज्याचे तुकडे होऊन बिदर, अहमदनगर आणि विजापूर अशा सत्ता शेजारीशेजारी उभ्या राहिल्या होत्या आणि सरहद्दीवरच्या वतनदाराला वसुलाचा धाक दोन्हीकडून होता. पुढे दासोपंत आंब्यास स्थिरावले आणि १६१५ मध्ये तेथेच वारले. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. पण त्याहून अधिक कुतूहलाची वस्तू म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर पांघरण्याची दुहेरी जाड चादर. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचे वेदान्तातले विवेचन, आकृत्यांसह लिहून काढले. कागद-पोथीऐवजी पांघरूण वापरण्यामागे, ते भिंतीवर पसरून एकाच वेळी पुष्कळांना दाखवता यावे हा हेतू असावा. त्या दृष्टीने पासोडी हा मराठीतला एक जुना शैक्षणिक तक्ताच ठरतो. तिचा आणि दासोपंतांच्या उपास्य मूर्तींचा सांभाळ गावात थोरले देवघर आणि धाकटे देवघर या दोन घरांच्या परंपरेतून झाला.

त्याच शतकात घाटाच्या कडेवर सीमेचे दगडी रूप उभे राहत होते. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने अंबाजोगाईच्या पश्चिमेला धारूरचा किल्ला निजामशाहीच्या अगदी उरावर बांधला, आणि थोड्याच काळात निजामशाही फौजेने तो घेताना किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये किल्ला मुघलांच्या हाती पडला आणि त्याचे नाव फतहाबाद झाले. घाटनांदूरच्या जवळ धर्मापुरीला याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. तेथील केदारेश्वराचे मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातले असून त्याच्या बाह्यभिंतींवरच्या सुरसुंदरी, म्हणजे मंदिराच्या भिंतीवर कोरलेल्या ललनांच्या मूर्ती, मराठवाड्यातल्या उत्तम शिल्पांत गणल्या जातात. गावातल्या किल्ल्याच्या तटात मात्र पडलेल्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आढळतात. किल्ला घाईने बांधायचा असला की खाणीपेक्षा पडके देऊळ जवळ पडते, हा हिशेब सगळ्याच सत्तांनी केलेला आहे. दक्षिणेला पानगावच्या विठ्ठल मंदिरावरही त्याच चालुक्य परंपरेची शिल्पे आहेत. घाटनांदूर, धर्मापुरी आणि पानगाव हा टापू मध्ययुगात किती नांदता होता हे या देवळांवरून कळते.

अठराव्या शतकात मराठे आणि निजाम यांच्या लढाया या भागाला चहूबाजूंनी वेढून झाल्या; १७६० मध्ये उदगीर, १७६३ मध्ये गोदाकाठी राक्षसभुवन, १७९५ मध्ये खर्डा. तिन्ही वेळा निजाम हरला, तरी पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख निजामाच्याच राज्यात राहिला, आणि त्याची पश्चिम हद्द अहमदनगर आणि सोलापूर या इंग्रजी जिल्ह्यांना भिडली. १८१८ मध्येच बीडकडे धर्माजी प्रतापरावांचे बंड झाले. हा अस्वस्थ प्रदेश ताब्यात ठेवण्यासाठी घोडदळाचा तळ अंबाजोगाईला पडला आणि गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद झाले.

मोमिनाबादची छावणी हैदराबाद कंटिंजंटची होती. कंटिंजंट ही चमत्कारिक फौज होती, कारण तिचा खर्च निजामाने द्यायचा, अधिकारी इंग्रज असायचे आणि हुकूम रेसिडेंटचा चालायचा. १८५३ च्या तहाने तिच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला. या फौजेचे रिसाले, म्हणजे घोडदळाच्या पलटणी, शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदार आपला घोडा आणि सरंजाम स्वतःच आणी आणि त्याची निगाही स्वतःच राखी, त्यामुळे अशा तळाला बरीच कुरणे, बारमाही पाणी आणि घोड्यांच्या खरेदी-विक्रीची पेठ लागे. बालाघाटाच्या माथ्यावर गवत होते, दरीत पाणी होते आणि उन्हाळा खालच्यापेक्षा सुसह्य होता. खोलेश्वराने जी जागा पारखली तीच इंग्रज अधिकाऱ्यांनी सुमारे सहाशे वर्षांनी पारखली. छावणीबरोबर सरळ रेषेतले रस्ते, बंगले, नालबंद, खोगीर करणारे, धान्याचे ठेकेदार आणि उत्तर हिंदुस्थानी व मुसलमान शिपाई कुटुंबांची वस्ती आली, आणि जोगाईच्या जुन्या गावाशेजारी दुसरे गाव वाढले. १९०२ मध्ये वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली, तेव्हा मोमिनाबादचे महत्त्व एकाएकी ओसरले. ज्या गावाचा बाजार घोड्यांच्या दाण्यावर चालतो त्या गावाला रिसाला उठून जाणे दुष्काळासारखेच असते.

ही पोकळी काही अंशी शाळेने भरून काढली. १९१७ मध्ये सुरू झालेली योगेश्वरी शिक्षण संस्था ही निजामाच्या उर्दू माध्यमाच्या राज्यातली मराठी शिक्षणाची एक आधारभूत संस्था ठरली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह येथे आले आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाकडे वळेपर्यंत त्यांचे अध्यापन येथेच चालले. पुढे १९७४ मध्ये अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला त्यांचेच नाव आहे. पुसलेल्या मोमिनाबादच्या जागी अंबाजोगाई हे नाव स्वातंत्र्यानंतर कागदोपत्री परत आले. लोकांच्या बोलण्यातून ते कधी गेलेच नव्हते.

घाटनांदूरचे दिवस मात्र छावणी उठल्यानंतर आले, आणि ते रेल्वेने आणले. घाटाच्या दक्षिणेला लातूरच्या कापसाच्या पेठेत इंग्रजी हद्दीतून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्येच पोचली होती. निजाम सरकारची स्वतःची मोठी रेल्वे मात्र १९३० च्या आसपास विकाराबादहून बिदर, उदगीर करीत परळीकडे आली. मार्ग आखणाऱ्यांपुढे प्रश्न एवढाच होता की बालाघाट कुठे ओलांडायचा. अंबाजोगाई दऱ्यांनी तीन बाजूंनी कापलेल्या उंच टोकावर बसलेली. संरक्षणाला जे उत्तम तेच रुळांना अडचणीचे. पूर्वेकडे रांग खाली उतरत जाते, तिथे पानगाव, घाटनांदूर आणि मग उतार धरून परळी असा मार्ग निघाला, आणि तालुक्याच्या ठाण्याचे गाव सोडून गाडी घाटनांदुरात थांबू लागली. दासोपंत ज्या बिदरच्या बाजूने आंब्यास आले त्याच बाजूने रूळही आले, फरक इतकाच की ते आंब्याला पोचण्याआधी परळीकडे वळले.

स्थानक आल्यामुळे घाटमाथ्यावरच्या मालाची आवकजावक येथे जमू लागली, आणि योगेश्वरीला जाणारा दक्षिणेकडचा यात्रेकरू येथे उतरून पुढे बैलगाडीने, नंतर मोटारीने जाऊ लागला. परळीला १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र सुरू झाल्यावर या वाटेवरची मालगाड्यांची वर्दळही वाढली. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून बीड-लातूरची हद्द घाटनांदूर आणि पानगाव या लागोपाठच्या दोन स्थानकांमधून जाते.

अहिल्यानगरहून बीडमार्गे परळीला जोडणारा २६१ किलोमीटरांचा नवा लोहमार्ग अनेक दशके रखडल्यानंतर त्यातला बीडपर्यंतचा टप्पा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाला. पुढचा भाग वडवणी, तेलगाव, सिरसाळा असा घाटाच्या उत्तरेच्या सपाटीवरून परळीपर्यंत आखलेला आहे. त्याही मार्गाने माथ्यावर चढणे टाळले आहे, त्यामुळे अंबाजोगाईकराला रेल्वे गाठायची तर पूर्वीप्रमाणेच घाट उतरून परळीला किंवा पूर्वेकडे घाटनांदूरला जावे लागणार आहे.